फुसहा बोलायची तर शेवट गिळू नका

‘सक्किन् तस्लम्’ असं एक वाक्य अरबांमध्ये सर्रास ऐकू येतं. शब्दाचा शेवटचा स्वर काढून टाक, म्हणजे सुखरूप सुटशील. फुसहा म्हणजे शुद्ध, अभिजात अरबी. तिच्यात नामाचा शेवटचा स्वर विभक्तीप्रमाणं बदलतो: कर्त्याला उ, कर्माला अ, आणि ‘मध्ये’, ‘कडे’, ‘पासून’ अशा अर्थाच्या शब्दांनंतर किंवा षष्ठीत इ. या व्यवस्थेला इअराब म्हणतात. स्वर चुकला की ती ‘लह्न’, आणि जाणकारांच्या बैठकीत ती लगेच कानाला लागते. म्हणून व्यासपीठावर बोलणारे पुष्कळ अरबही शेवट अर्धवट सोडतात आणि चूक झाकून नेतात.

ज्याच्या कानावर लहानपणापासून फुसहा पडली आहे, ज्यानं शाळेत वर्षानुवर्षं इअराब घोकला आहे, त्याला हा सल्ला परवडतो. बाहेरून शिकणाऱ्याला परवडत नाही. तो शेवट गिळून बोलायला लागला की वाक्यात कोण कर्ता आणि कोण कर्म हे ठरवण्याची सवयच त्याच्या डोक्याला लागत नाही. दोन वर्षांनी शब्द भरपूर येतात, पण वाक्य म्हणजे सुटे शब्द एकापुढे एक ठेवलेले. त्या वेळी शेवट शिकायला बसणं फार जड जातं. म्हणून माझा आग्रह उलटा आहे: पहिले सहा महिने प्रत्येक शेवट उच्चारायचा, हळू बोलावं लागलं तरी चालेल. कुठं थांबायचं आणि थांबल्यावर काय गळतं, हे त्यानंतर शिकायचं.

आधी एक गैरसमज. ‘अभिजात अरबी’ आणि ‘आधुनिक प्रमाण अरबी’ अशी विभागणी विद्यापीठांत करतात. अरब दोन्हींना फुसहाच म्हणतात. व्याकरणाचा सांगाडा एकच आहे, फरक शब्दांत आणि वाक्यांच्या धाटणीत पडतो. कुराणातल्या यूसुफच्या कथेत ‘सय्यारा’ म्हणजे वाटसरूंचा तांडा. आज सय्यारा म्हणजे मोटार. ‘क़ितार’ म्हणजे एकामागोमाग बांधलेली उंटांची रांग. आज ती आगगाडी. जुनी भाषा शिकलेल्याला नवे अर्थ महिनाभरात येतात. पण घरी ही भाषा कुणीच बोलत नाही. कैरोत, बगदादमध्ये, कासाब्लांकात मूल आपापली बोली घेऊन वाढतं आणि फुसहा शाळेतून, बातम्यांतून, कार्टूनमधून शिकतं. एका समाजात दोन पातळ्यांवर चालणाऱ्या या भाषाव्यवहारावर चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात अरबी हे एक मुख्य उदाहरण आहे. थोडक्यात, जो कुणी फुसहा बोलतो तो ती शिकूनच बोलतो.

आणि तिचं पहिलं मोठं व्याकरण लिहिणारा सीबवैह तर इराणी होता. आठव्या शतकात शीराझच्या बाजूनं बसऱ्याला आलेला. परंपरा अशी सांगते की, गुरूपुढे एक वचन वाचताना त्यानं ‘अबा’च्या जागी ‘अबू’ म्हटलं. गुरूनं भर वर्गात ‘लह्न केलीस’ म्हणून टोकलं, आणि पुन्हा कुणाला चूक काढता येणार नाही इतकं शिकायचं म्हणून तो ख़लील या वैयाकरणाकडे व्याकरण शिकायला गेला. चूक शेवटच्या स्वराची होती, हे लक्षात ठेवा.

आता उच्चार. या लेखात जिथं अक्षराखाली नुक्ता दिसेल तिथं मराठी उच्चार चालणार नाही असं समजा, आणि शेवटचा ऱ्हस्व अ वेगळा दाखवायला मी ‘-अ’ लिहिलं आहे, कारण देवनागरीत ‘कतब’ लिहिलं की आपण ‘कतब्’ वाचतो. अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. मराठी माणूस ऐन आणि क़ाफ या अरबी अक्षरांना घाबरतो. खरा घोळ स्वरांत होतो. आपल्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा अ गळतो आणि शेवटचे इ, उ लांबतात. म्हणून तर आपण ‘कवी’, ‘गुरू’ दीर्घ लिहितो. हीच सवय अरबीत नेली की अर्थ फिरतो. ‘किताबि’ म्हणजे षष्ठीतलं ‘पुस्तका-’, आणि ‘किताबी’ म्हणजे माझं पुस्तक. ‘कतब-अ’ म्हणजे त्यानं लिहिलं, ‘कतबा’ म्हणजे त्या दोघांनी लिहिलं. ‘कतब्न-अ’ म्हणजे त्या बायकांनी लिहिलं, ‘कतब्ना’ म्हणजे आम्ही लिहिलं. मधल्या स्वराचंही तसंच: ‘कातब-अ’ म्हटलं की पत्रव्यवहार केला. आणि व्यंजन दुप्पट केलं तर ‘दरस-अ’ (शिकला) याचं ‘दर्रस-अ’ (शिकवलं) होतं.

यावर उपाय मात्रा मोजण्याचा. ऱ्हस्वाला एक टिचकी, दीर्घाला दोन. टेबलावर बोट आपटत ‘क-त-ब’ तीन टिचक्यांत आणि ‘क-त-बा’ चार टिचक्यांत म्हणायचं. दिवसाला अशा दहा जोड्या, पंधरा मिनिटं. वृत्तात कविता म्हणणाऱ्याला लघु-गुरूचा हा हिशेब अनोळखी नाही. अरबी ऱ्हस्व अ आपल्या ‘अ’पेक्षा उघडा असतो, ‘आ’कडे झुकलेला, पण लांबीनं निम्मा. म्हणून ऐकताना तो ‘आ’ वाटतो आणि बोलताना आपण तो ताणतो.

व्यंजनांत मराठीचा फायदाही आहे. आपले त आणि द दातांवरचेच आहेत, अरबीतलेही बहुतेक तसेच. ‘जोर’मधला ज अरबी ज़ाच्या जवळ आहे. मात्र ‘व’ बदलावा लागतो: आपण खालचा ओठ वरच्या दातांजवळ नेतो, अरबीत दोन्ही ओठ गोल होतात, जणू ‘उ’ म्हणता म्हणता पुढं सरकलो. ‘वलद’ (मुलगा) म्हणताना दात मध्ये येता कामा नयेत. थ़ आणि ध़ साठी जिभेचं टोक दातांच्या फटीत दिसलं पाहिजे. आपल्याकडे अरबी बहुधा उर्दूच्या वाटेनं येते, त्यामुळे ‘थ़लाथ़ा’चं (तीन) ‘सलासा’ होतं आणि ‘रमद़ान’चं रमज़ान. बोलायच्या फुसहात ‘दाद’ हे अक्षर म्हणजे जाड, भारदस्त द आहे, ज़ नाही. ही सवय आधीपासून असेल तर ती मोडायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

जाड व्यंजनं (स़, द़, त़) ओळखायची ती शेजारच्या स्वरावरून. जिभेचं टोक जागेवरच राहतं, मागचा भाग उचलला जातो आणि पुढचा अ घोगरा, खोल होतो. ‘सैफ़’ म्हणजे तलवार, ‘स़ैफ़’ म्हणजे उन्हाळा. ‘तीन’ म्हणजे अंजीर, ‘त़ीन’ म्हणजे चिखल. क़ाफसाठी ‘क’ म्हणत जीभ पडजिभेपर्यंत मागे न्या: ‘कल्ब’ कुत्रा, ‘क़ल्ब’ काळीज. ऐन म्हणजे जिभेचं मूळ घशाच्या मागच्या भिंतीकडे ओढून काढलेला आवाज; तोच कुजबुजून म्हटला की मोठा ह़ मिळतो. ‘अलम’ वेदना, ‘अ़लम’ झेंडा. घसा दुखायला लागला तर जोर जास्त होतोय, थांबा. तपासायची साधी रीत: या जोड्या उलटसुलट क्रमानं मोबाइलवर रेकॉर्ड करा, क्रम कागदावर लिहून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून ओळखा. दहातल्या आठ स्वतःलाच ओळखता आल्या नाहीत, तर समोरच्याला कशा येतील? याला साधारण सहा आठवडे द्या, पण वाक्यं त्यासाठी अडवून ठेवू नका.

वाक्यांचा पाया तीन ओळींचा आहे आणि अरबी व्याकरणाचे शिक्षक शतकानुशतकं तशाच ओळींवरून शिकवत आले आहेत. ‘जाअल्-मुअ़ल्लिमु’, शिक्षक आले. ‘रऐतुल्-मुअ़ल्लिम-अ’, मी शिक्षकांना पाहिलं. ‘सल्लम्तु अ़लल्-मुअ़ल्लिमि’, मी शिक्षकांना सलाम केला. नाम एकच, शेवट तीन. (नामाआधीचं ‘अल्’ म्हणजे इंग्रजीतल्या the सारखं.) आता त्याच तीन ओळींत दुसरं नाम घाला. दोन शिक्षक: अल्-मुअ़ल्लिमानि, आणि पुढच्या दोन्ही ओळींत अल्-मुअ़ल्लिमैनि. अनेक शिक्षक: अल्-मुअ़ल्लिमून-अ, मग दोनदा अल्-मुअ़ल्लिमीन-अ. शिक्षिका अनेक असतील तर अल्-मुअ़ल्लिमातु, आणि इथं अडखळायला होतं, कारण कर्म असूनही शेवट ‘-ति’ येतो. तुझे वडील: अबूक-अ, अबाक-अ, अबीक-अ. अहमद किंवा बगदाद यांसारखी नामं तन्वीन (‘-उन्’, ‘-अन्’, ‘-इन्’ मधला शेवटचा न्) घेत नाहीत आणि तिसऱ्या ओळीतही अ घेतात: ‘फ़ी बग़्दाद-अ’. रोज तीन नामं, प्रत्येकाच्या तीन ओळी, मोठ्यानं आणि न बघता. तीन महिन्यांत जवळजवळ पावणेतीनशे नामं होतात आणि शेवट जिभेवर बसतो. कोष्टक पाठ करून हे होत नाही. कोष्टक आठवायला दोन सेकंद लागतात आणि बोलताना तेवढा वेळ कुणी देत नाही.

परकीयांसाठीचे चांगले अभ्यासक्रम याच वाटेनं जातात. मदिनेच्या इस्लामी विद्यापीठात शिकवलेले आणि तमिळनाडूतल्या वानियमबाडीचे असलेले व्ही. अब्दुर रहीम यांच्या पुस्तकांचा पहिला धडा ‘हाध़ा बैतुन्’, हे घर आहे, असा सुरू होतो. तन्वीनसकट. शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवलेला नाही.

त्यानंतर वक़्फ़, म्हणजे थांबणं. हा इअराबचाच नियम आहे, पळवाट नव्हे. थांबलात की शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो, ‘-उन्’ आणि ‘-इन्’ पूर्ण गळतात, ‘-अन्’चा ‘आ’ होतो आणि स्त्रीलिंगी ‘-त’चा ‘ह्’. ‘ध़हब्तु इलल्-मद्रसति स़बाह़न्’, मी सकाळी शाळेत गेलो, हे वाक्य घ्या. ‘शाळेत’पाशी थांबलात तर ‘इलल्-मद्रसह्’. पुढं गेलात तर ‘-ति’ उच्चारायलाच हवा. अखेरीस नियमानं ‘स़बाह़ा’. आज मात्र ‘स़बाह़न्’, ‘शुक्रन्’ असे शब्द थांबतानाही न्-सकट म्हणतात आणि ते कुणाला खटकत नाही. चूक होते ती मधल्या शब्दांवर: श्वास न घेता पुढं जायचं पण शेवट मात्र खाऊन टाकायचा. वाक्याचे श्वासागणिक तुकडे पाडा. तुकड्याच्या आत सगळे शेवट, तुकड्याच्या टोकाला वक़्फ़. बोलणं एकदम ओघवतं वाटायला लागतं.

तुकड्याच्या आतले सांधेही जुळले पाहिजेत. ‘अल्’चा अ मागच्या स्वरात विरघळतो: ‘फ़ी अल्-बैति’ नव्हे, ‘फ़िल्-बैति’, आणि त्या ‘फ़ी’चा ईही आखूड होतो. ‘मिन्’पुढं ‘अल्’ आला तर ‘मिनल्-बैति’, ‘अ़न्’पुढं ‘अ़निल्-बैति’. अठ्ठावीस अक्षरांतली चौदा ‘सूर्याक्षरं’ ल गिळतात: ‘अश्-शम्सु’, ‘अन्-नूरु’. शिकणाऱ्यांचं बोलणं तुटक वाटतं ते बहुतेक या सांध्यांमुळे. शब्द कमी पडल्यामुळे नव्हे.

वाक्यरचनेतल्या काही गोष्टींकडे मराठी बोलणाऱ्यानं विशेष लक्ष द्यावं. आपण ‘विद्यार्थ्याचं पुस्तक’ म्हणतो, अरबीत क्रम उलटा, ‘किताबुत्-त़ालिबि’, आणि पहिल्या नामाला अल् लागत नाही. तो लावणं ही नवशिक्याची हमखास चूक. दुसरं, माणसांखेरीज इतरांचं अनेकवचन व्याकरणात स्त्रीलिंगी एकवचन धरतात: ‘अल्-कुतुबु जदीदतुन्’, पुस्तकं नवी आहेत. क्रियापद कर्त्याच्या आधी आलं तर ते एकवचनीच राहतं: ‘जाअल्-मुअ़ल्लिमून-अ’. नकारात भूतकाळाला ‘ला’ लावू नका. ‘मा ध़हब्तु’ किंवा ‘लम् अध़्हब्’, मी गेलो नाही. ‘लम्’ आलं की क्रियापदाचा शेवट तुटतो, ‘लन्’ आलं की अ होतो आणि काळ भविष्य.

अंक हा बोलण्याचा सगळ्यात खडतर भाग आहे, मुरलेले वक्तेही इथं अडखळतात. तीन ते दहा या अंकांचं लिंग मोजलेल्या वस्तूच्या उलट: ‘थ़लाथ़तु कुतुबिन्’ (किताब पुल्लिंगी), पण ‘थ़लाथ़ु सय्यारातिन्’. अकरा ते नव्याण्णव, वस्तू एकवचनात ‘-अन्’सह. शंभर आणि हजार, वस्तू एकवचनात ‘-इन्’सह: ‘मिअतु किताबिन्’. एक सोय मात्र मराठीनं आपल्याला आधीच करून दिली आहे. पंचवीसमध्ये आपण पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो, अरबीही तसंच: ‘ख़म्सतुन् व इ़श्रून-अ’. सराव सालांवर करा. संयुक्त राष्ट्रांनी अरबीला अधिकृत भाषांत घेतलं ते 18 डिसेंबर 1973 रोजी. ‘फ़ी आ़मि अल्फ़िन् व तिस्इ़मिअतिन् व थ़लाथ़तिन् व सब्ई़न-अ’ हे न अडखळता आलं की इतिहासावर पाच मिनिटं बोलता येतं.

शब्दसंग्रहात आपल्या हाताशी एक ठेवा आहे आणि तो वाया घालवू नये. महसूल, हासील, तहसील. तिन्ही ह़-स़-ल या एकाच धातूतून आलेले. ह़ास़िल हे ‘मिळणारं’, मह़्स़ूल हे ‘मिळालेलं’, आणि तह़्स़ील म्हणजे ‘गोळा करणं’, दुप्पट व्यंजनाच्या ‘ह़स़्स़ल-अ’ या क्रियापदाचं नाम. सातबाऱ्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालणाऱ्याला अरबीचे तीन साचे कानानं आधीच ठाऊक आहेत. कोणतंही नवं क्रियापद भेटलं की त्याला या तीन साच्यांत ओतून बघा. मुकाबला आणि मुलाखत दोन्ही तिसऱ्या प्रकाराच्या (‘कातब-अ’सारख्या) क्रियापदांची नामं आहेत; गंमत अशी की अरबीत नोकरीसाठी देतात ती ‘मुक़ाबला’ आणि साधी भेट ती ‘मुलाक़ात’. मात्र अर्थ तपासल्याशिवाय मराठी शब्द फेकू नका. ‘ग़रीब’ म्हणजे परका, विचित्र. पैसे नसलेला तो ‘फ़क़ीर’. ‘स़ाह़िब’ म्हणजे सोबती, ‘फ़ुर्स़ा’ म्हणजे संधी.

क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका, त्याच्यासोबतच्या अव्ययासकट करा. ‘रग़िब-अ फ़ी’ म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटली, ‘रग़िब-अ अ़न्’ म्हणजे तिच्याकडे पाठ फिरवली. अशी तीनशे क्रियापदं पूर्ण वाक्यात आली की रोजच्या बहुतेक विषयांवर बोलता येतं.

बोलायचं कुणाशी हा प्रश्न उरतो. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर कामाच्या जागी ‘माफ़ी मालूम’ (माहीत नाही) छापाची तोडकीमोडकी अरबी पडते. तिथलं काम तिच्यावर भागतं, पण तिच्यावरून फुसहाकडे वाट जात नाही. बाजारात फुसहात विचारलंत तर माणूस समजून घेतो आणि उत्तर बोलीत देतो. त्यात अपमान मानू नये. ऐकायला बातम्या घ्या, पण सुरुवात मुलांच्या कार्यक्रमांनी करा. कुवेतमध्ये 1979 साली सुरू झालेला ‘इफ़्तह़ या सिम्सिम’ मुद्दाम फुसहात केला होता. डब केलेली पुष्कळ कार्टूनही फुसहातच असतात. वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ. पाच मिनिटांचा तुकडा घ्या, एकेक वाक्य थांबवून मागोमाग म्हणा, आठवडाभर तोच तुकडा. बोलायला आठवड्यातून दोनदा अर्धा तास कुणी शिकवणारा मिळाला तर त्याला आधीच सांगा: वाक्य संपेपर्यंत मध्ये टोकू नका, चुकलेले शेवट टिपून ठेवा आणि नंतर तीच वाक्यं पुन्हा म्हणवून घ्या. प्रत्येक शब्दाला टोकलं की माणूस पुन्हा शेवट गिळायला लागतो.

सहा-आठ महिन्यांनी स्वरचिन्हं नसलेल्या बातमीच्या दहा ओळी घ्या. पेन्सिलनं शेवटचे स्वर स्वतः भरा, श्वासाच्या जागी रेघ मारा, मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा आणि शिक्षकाला दाखवा. सगळ्यात जास्त चुका सापडतात त्या वाक्याला जोर देणाऱ्या ‘इन्न-अ’नंतर; त्याच्यापुढचं नाम कर्ता असूनही अ घेतं. त्याचं नाम लगेच आलं तर अ लक्षात राहतो. पण मध्ये दुसरे शब्द घुसले की विसरतो आणि जीभ सवयीनं उ लावून मोकळी होते. ‘इन्न-अ फ़िद्-दारि रजुलन् करीमन्’, घरात एक दिलदार माणूस आहे. ‘रजुलुन्’ नव्हे. हे एक वाक्य रोज दहा वेळा म्हणा, दर वेळी घराच्या जागी वेगळी जागा आणि माणसाच्या जागी वेगळं नाम घालून.